मुंबईची गर्दी आणि बोईसरचे कारखाने

उमरोळीच्या फलाटावर सकाळी उभे राहिले की माणसांचे दोन ओघ दिसतात. एक विरार-मुंबईकडे जातो, दुसरा पुढच्याच स्थानकावर, बोईसरला, उतरतो. यातला दुसरा ओघ सरकारी धोरणातून निर्माण झाला आहे. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

मुंबईत उद्योग एकवटले ते कोणाच्या हुकुमाने नव्हे. बंदर होते, पेढ्या होत्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि १८६४ साली बी. बी. सी. आय. रेल्वेने हे शहर गुजरातशी जोडले. आपल्या बाजूला त्या रुळांचा उपयोग काय झाला? गवत आणि लाकूड मुंबईला गेले. ते कापणारा वारली मात्र वेठीतच राहिला. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी संप केला, तेव्हा मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपयांची. त्याच वर्षी तलवाड्याला गोळीबार झाला. या मुलुखातील मजुरीच्या प्रश्नाचा आरंभ कारखान्यांपासून झाला असे जे समजतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबईची गर्दी हटविण्याचा विचार सुरू झाला. १९६१ चा कायदा, १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ, १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती, अशी ती पावले. १९७७ साली केंद्रानेही ठरविले की दहा लाखांवर वस्तीच्या महानगरांत नव्या कारखान्यांना परवाने द्यावयाचे नाहीत. हेतू चांगलाच होता. पण कारखानदाराचा हिशेब सरळ असतो. सवलत घ्यावयाची, आणि मुंबईची बाजारपेठही हातची सोडावयाची नाही. बोईसर त्याला सोयीचे पडले. रेल्वे होतीच, शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू होते. वसाहतीचे नाव तारापूर पडले, पण उतरावे लागते बोईसरलाच!

कारखाने हलले, पण शहर हलले नाही. गिरणगावात चाळ, खानावळ आणि युनियनची कचेरी गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात होती. पाळी सुटल्यावर दारावर सभा होई आणि बायकामुलेही तिथे येत. १९८२ चा संप इतके दिवस टिकला तो या शेजारामुळेही. बोईसरचा कामगार उमरोळी, पालघर, सफाळे असा विखुरलेला. कोणी जव्हारकडून आलेला, कोणी परप्रांतातून. पाळी सुटते तीच गाडीची वेळ. कंत्राटदार बदलला की हजेरीपट बदलतो आणि दहा वर्षांचा जुना माणूस कागदावर नवा होतो. अशा माणसाची नोकरी सिद्ध करताना मी कित्येकदा जुन्या गेटपासांचे तुकडे गोळा केले आहेत. कंत्राटी मजुरांसाठी १९७० साली कायदा झाला होता, हे त्यांतल्या बहुतेकांना माझ्याकडूनच कळले.

गावाची स्थिती निराळी नव्हती. २०११ च्या जनगणनेत बोईसर वस्तीने शहर ठरले, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिले आले. त्या सांडपाण्याला ग्रामपंचायत काय करणार?

सरासरीचाही एक खेळ आहे. २०१४ पर्यंत आपण ठाणे जिल्ह्यात होतो. ठाणे-बेलापूरचे कारखाने आणि जव्हार-मोखाड्याची उपासमार एकाच बेरजेत पडे, आणि जिल्हा पुढारलेला दिसे. त्याच जिल्ह्यात १९९२ साली वावर-वांगणीची मुले कुपोषणाने मेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा निदान बेरीज तरी निराळी मांडली जाऊ लागली.

सूर्या नदीवरचे धरण डहाणू-पालघरच्या शेतीसाठी म्हणून बांधले. पुढे त्यातले पाणी वसई-विरार आणि मिरा-भाईंदरच्या वाट्याला लिहिले गेले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. तिथे कामाला जाणारा माणूस कुठे राहणार, त्याचे पाणी कोणत्या धरणातून येणार आणि त्याच्या हजेरीपटावर नाव कोणाचे असणार, हे आताच विचारावयास हवे. बोईसरच्या वेळी ते कोणी विचारले नव्हते.