पाच तास बत्तीस मिनिटं

शनिवार, 10 ऑक्टोबर 2020. लोणावळ्याच्या परिसरात 400 केव्हीच्या कळवा-तळेगाव लाइनची तार तुटली. मुंबईकडे वीज आणणाऱ्या वाटांतली एक कमी झाली. मुंबईच्या दहिसर उपनगराला पत्ताही नाही.

सोमवार, पहाटे 4.33. कळवा-पडघा पहिली लाइन ट्रिप.

लाइन ट्रिप झाली की आपलं पहिलं बोट आभाळाकडे. पण जवळपास कुठे वीज पडली तर तारेत प्रेरित होणारं व्होल्टेज सहसा 300 केव्हीच्या वर जात नाही. 11 केव्हीची लाइन जेमतेम 75 केव्हीचा झटका सोसते, ती सहज फसते. 400 केव्हीचं इन्सुलेशन मात्र साधारण 1,425 केव्हीपर्यंत तग धरतं. तिला पाडायला वीज थेट टॉवरवर किंवा तारेवरच पडावी लागते. न्यूयॉर्कमध्ये 13 जुलै 1977 ला तशी पडली, रात्री साडेआठनंतर. शहर अंधारात गेलं 9.36 ला. मधला तासभर उरलेल्या लाइनींवर भार चढत होता. आपल्याकडेही खरा घात त्या चढत्या भारानेच केला, फक्त सवड जास्त मिळाली.

6.58. कळवा-पडघा दुसरी लाइन हाताने बंद केली. आता दोन्ही नाहीत. बंद लाइन म्हणजे मेलेली लाइन, असं मात्र नाही. शेजारी चालू लाइन असेल तर बंद तारेतही व्होल्टेज प्रेरित होतं. म्हणून लाइनमन आधी टेस्टरने तपासतो, मग दोन्ही बाजूंना अर्थिंगच्या साखळ्या लावतो, आणि मगच तारेला हात घालतो. काम संपल्यावर त्या साखळ्या निघाल्याशिवाय लाइन चार्ज होत नाही. इथे घाई म्हणजे थेट माणसाचा जीव.

सात, आठ, नऊ. सोमवारची मागणी वाढत चालली.

9.58. पुणे-खारघर लाइनही गेली.

10.05. अशा वेळी ग्रीडपासून तुटून ट्रॉम्बे, डहाणू यांसारख्या स्वतःच्या केंद्रांवर मुंबईने तरायचं, अशी आयलंडिंगची व्यवस्था होती. ती फसली. बाहेरची वीज स्वस्त, म्हणून घरची केंद्रं कमी चालवायची. हिशेब एरवी ठीक, पण त्या सकाळी शहरातली निर्मिती मागणीला पुरेना. सुमारे 2,200 मेगावॅटचा पुरवठा गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि त्या दिवसांत लोकलमध्ये होते ते अत्यावश्यक सेवेतलेच लोक. हॉस्पिटलं जनरेटरवर. दहिसर ज्या अदानी इलेक्ट्रिसिटीकडून वीज घेतं, तिने सांगितलं की डहाणूहून 385 मेगावॅट अत्यावश्यक सेवांना चालू आहेत.

दुपारी बारानंतर लोकल हलू लागल्या. मुंबई विद्यापीठाने त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या.