आंतरराष्ट्रीय विपणन

आंतरराष्ट्रीय विपणन : एकाहून अधिक देशांतील ग्राहकांसाठी वस्तूचे स्वरूप, किंमत, वितरण व जाहिरात ठरविण्याची प्रक्रिया. हार्व्हर्डचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी १९८३ मध्ये जगभर एकच प्रमाणित माल विकण्याचा पुरस्कार केला. प्रमाणीकरण की स्थानिकीकरण, हा या विषयातील मुख्य वाद होय (पहा : बहुराष्ट्रीय निगम). आयातशुल्क व विनिमय दर यांच्या अडचणी हिशेबात मांडता येतात, खाण्याच्या सवयी सहसा नाही. केलॉगने १९९४ मध्ये भारतात कॉर्नफ्लेक्स आणले. थंड दुधात कुरकुरीत राहणारे हे पोहे इथल्या घरांत गरम दुधात पडले, की लगेच लिबलिबीत होत. सुरुवातीची विक्री अपेक्षेहून बरीच कमी राहिली. मॅकडॉनल्ड्सने १९९६ मध्ये दिल्ली व मुंबईत दुकाने उघडताना गोमांस वगळले आणि शाकाहारी पदार्थ वेगळे शिजवण्याची व्यवस्था केली (पहा : ग्राहक वर्तन).