मेरुप्रस्तार

१९८२ पर्यंत धाराशिव (तेव्हांचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत असलेलें लातूर हेंच राष्ट्रकूटांच्या बिरुदांतील लत्तलूर. आणि त्याच घराण्यांतील तिसऱ्या कृष्णाच्या पदरीं दहाव्या शतकांत हलायुध पंडित कांहीं काळ होता, असें विद्वान् मानतात. पिंगलाच्या छंदःसूत्रावरील टीकेंत त्यानें मेरुप्रस्तार सांगितला आहे. वर एक घर, खालीं दोन, मग तीन. कडेच्या घरांत १, मधल्यांत वरच्या दोहोंची बेरीज. चौथ्या ओळींत येतात १, ३, ३, १: आठ गणांपैकीं एक सर्वगुरु मगण, तिहींत दोन गुरु, तिहींत एक, आणि सर्वलघु नगण.

मांडलेल्या ओळीवरून पुढची भरावयाची, आरंभापासून पुन्हां मोजावयाचें नाहीं. संगणकाकडून हा त्रिकोण काढवितांना आज हीच युक्ति योजितात; अशा रीतीस अमेरिकेंत रिचर्ड बेलमननें १९५० नंतर ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ म्हटलें. पास्कलचा ग्रंथ १६६५ चा. अग्रमानाचा वाद आम्हांस गौण वाटतो. पास्कलनें त्रिकोण जुगाराच्या पणाच्या वांटणीस लाविला, इकडे तो श्लोकांतील लघुगुरु मोजण्यांत उपजला.