खजाना बावडी, बीड

बीड शहराच्या दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर, सोलापूर-धुळे महामार्गाजवळ ही गोल, दगडी बावडी आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती १५८२च्या सुमारास बांधून घेतली. बांधकाम केलं राजा भास्कर याने. खजिन्यातला पैसा पाण्यावर खर्च झाला, म्हणून नाव खजाना, असं लोक सांगतात.

खरी कमाल आतल्या भुयारांची. दोन भुयारांतून पाणी बावडीत येतं, तिसऱ्यातून बाहेर शेतांकडे जातं. ना मोट, ना मोटार, फक्त जमिनीचा उतार. टँकरची सवय झालेल्या आपल्या जिल्ह्यात हे मुलांना मुद्दाम दाखवावं. दुष्काळातही ही आटत नाही, असं जुनी माणसं सांगतात. पण आजूबाजूला बोअर वाढले तर झऱ्यांचं काय, हा प्रश्न आहेच. कचरा तर अजिबात टाकू नका.

बावडी खोल आहे, लहान मुलांचा हात सोडू नका. परत शहरात आल्यावर जामा मशीद आणि पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर बघता येतं. दिवाळीच्या आसपास गेलात तर सीताफळं घ्या. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे.