सरासरीआड दडलेली जमीन

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. मातीचे पृथक्करण करणाऱ्या या माणसाने मातीच्या मालकीचेही पृथक्करण करायचे ठरवले आणि पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव घरोघर जाऊन तपासले. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1917 साली निघाले.

त्यातला एक आकडा पुष्कळांनी वापरला आहे. 1771 साली या गावात सरासरी धारणा 40 एकरांची होती. 1818 मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि 1914-15 मध्ये अवघी 7 एकर. पण आम्हांला खरी मोलाची वाटते ती त्यापुढची मोजणी. निम्म्याहून अधिक खातेदारांकडे 5 एकरसुद्धा नव्हते. 156 खातेदारांची जमीन 729 तुकड्यांत विखुरली होती. त्यांपैकी 463 तुकडे एकराहून लहान आणि 211 तर दहा गुंठ्यांच्याही आतले! एवढ्याशा पट्टीत औत वळवायचे कसे? शिवाय बांधात जमीन जाते ती वेगळीच.

हे तुकडे पडले ते बरेचसे न्यायबुद्धीने. एका भावाला काळी आणि दुसऱ्याला माळ, असे होऊ नये म्हणून प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येकाला वाटा. भावाभावांत समता झाली, पण पीक कोणालाच पुरेना. मॅन यांनी 103 कुटुंबांचा जमाखर्च मांडला. केवळ शेतीवर नीट चालणारी कुटुंबे निघाली 8. बाहेरच्या कमाईची जोड मिळाल्याने तरलेली 28. उरलेल्या 67 जणांचा मेळ बसतच नव्हता.

हीच नजर देशाकडे वळवू. कृषिगणनेनुसार सरासरी धारणा 1970-71 मध्ये 2.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.08. त्या वर्षी पंजाबात ती 3.62 हेक्टर, तर केरळात 0.18. अर्थात रबर-नारळाच्या हेक्टराची गव्हाच्या हेक्टराशी सरळ तुलना होत नाही. क्षेत्र म्हणजे उत्पन्न नव्हे. वाटणी पाहायची तर 1905 साली अमेरिकेतील मॅक्स लॉरेन्झ यांनी सुचवलेली रीत सोपी आहे: सर्वांत लहान धारकापासून सुरुवात करून किती टक्के लोकांकडे किती टक्के जमीन, हे आलेखावर मांडत जायचे. 2015-16 मध्ये दोन हेक्टरांच्या आतले 86 टक्के धारक सुमारे 47 टक्के क्षेत्र कसत होते. दहा हेक्टरांवरच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास धारकांकडे सुमारे 9 टक्के होते. वर्गात हा आलेख जरूर काढून घ्यावा.

मात्र त्यात एक मोठी गाळणी आहे. कृषिगणना धारणा मोजते. ज्याच्याकडे कसायला काहीच नाही तो तिच्यात येत नाही. 2011 च्या जनगणनेत शेतकरी सुमारे 11.9 कोटी होते आणि शेतमजूर 14.4 कोटी. यांतले बरेचसे भूमिहीन. त्यांना आलेखात शून्यावर बसवले, की रेघ किती खाली वाकते तेही मुलांना काढायला सांगावे.