ट्रान्झिस्टरच्या चिन्हातल्या तिरप्या रेघा

एक जाड रेघ, तिला एका बाजूने येऊन मिळणारी सरळ तार, दुसऱ्या बाजूला टेकलेल्या दोन तिरप्या रेघा आणि त्यांतल्या एकीवर बाण. सर्किट डायग्राममध्ये ट्रान्झिस्टर असा काढतात. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षापासून मुले हे चिन्ह गिरवतात, पण त्या दोन रेघा तिरप्याच का, हे बहुतेक पुस्तके सांगत नाहीत. ते सांगायला हवे, कारण ते चिन्ह म्हणजे पहिल्या ट्रान्झिस्टरचे जवळजवळ हुबेहूब चित्र आहे.

डिसेंबर १९४७. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांना जर्मेनियमच्या तुकड्यावर धातूची दोन टोके टेकवायची होती, एकमेकांच्या अगदी लगत, पण एकमेकांना न शिवता. ब्रॅटनने प्लास्टिकचा त्रिकोणी तुकडा घेतला, त्याच्या कडांवर सोन्याचा पातळ पत्रा चढवला आणि बरोबर टोकावर तो ब्लेडने चिरला. एका पत्र्याचे दोन झाले, मधली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी इतकी बारीक. मग त्रिकोण उलटा धरून स्प्रिंगने जर्मेनियमवर दाबला. १६ डिसेंबरला तो चालला. २३ तारखेला वरिष्ठांसमोर त्यातून आवाज मोठा करून दाखवला गेला.

आता चिन्ह असे फिरवून पाहा की जाड रेघ आडवी होईल आणि सरळ तार खाली जाईल. आडवी रेघ म्हणजे जर्मेनियमचा तुकडा, सगळ्याचा पाया, म्हणून तो ‘बेस’. वरून उतरणाऱ्या दोन तिरप्या रेघा म्हणजे त्रिकोणाच्या दोन कडांवरचे सोने: एक एमिटर, दुसरा कलेक्टर.

१९५१ मध्ये बेल लॅबने विल्यम शॉकलीच्या कल्पनेतला जंक्शन ट्रान्झिस्टर जाहीर केला. त्यात टेकवलेली टोके नव्हतीच. एकाला एक लागून तीन थर, बेस मधला. टोकांचा नाजूक ट्रान्झिस्टर पुढच्या काही वर्षांत बाजारातून गेला. चिन्ह मात्र कोणी बदलले नाही आणि ते योग्यच झाले, असे मला वाटते. त्यामुळेच पन्नाशीच्या दशकातला रेडिओचा नकाशा आजचा मेकॅनिक सहज वाचतो. चिन्हाभोवती पुष्कळदा दिसणारे वर्तुळ त्याहून जुने. ते व्हॉल्व्हच्या काचेचे. ट्रान्झिस्टरला काच नसली तरी सवयीने काढले जात राहिले.

चिन्हांच्या या घराण्यात वडीलधारी मंडळीही आहेत. बॅटरीच्या लांब-आखूड रेघांमध्ये व्होल्टाने १८०० साली जाहीर केलेली धातूच्या चकत्यांची चळत दिसते. डायोडचा पट्टीला टेकलेला त्रिकोण स्फटिकावर टोचलेल्या बारीक तारेची आठवण ठेवतो. अशाच स्फटिकाच्या, गॅलेनाच्या, शोधकाचे अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळाले होते.

बाणाची गोष्ट निराळी. तो कोणत्याही वस्तूचे चित्र नाही. विद्युतप्रवाह धनाकडून ऋणाकडे जातो, ही समजूत अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनच्या मांडणीतून रुजली. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा तारेतून जाणारे कण उलट्या दिशेने धावतात हे कळले, पण तोवर सूत्रे आणि नकाशे पक्के झाले होते. म्हणून एनपीएन जातीच्या ट्रान्झिस्टरचा बाण बाहेर रोखलेला असतो, तर इलेक्ट्रॉन मात्र एमिटरमधून आत शिरतात. विद्यार्थी इथेच अडखळतात. शिक्षकांनी बाणाआधी फ्रँकलिन सांगितला तर अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

आज मोबाइलच्या चिपमध्ये अब्जावधींनी असतात ते ट्रान्झिस्टर या कुळातले नव्हेत, मॉसफेट जातीचे. १९५९ मध्ये तेही बेल लॅबमध्येच तयार झाले. त्यांच्या चिन्हात गेटची रेघ शेजारच्या रेघेला टेकतच नाही. मधली मोकळी जागा म्हणजे सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा विद्युतरोधक थर.