शस्त्रतेल व ग्रीस (जालना जिल्हा)

बंदूक, रायफल, पिस्तूल यांच्या पोलादी भागांची स्वच्छता, हालचाल आणि गंजापासून बचाव यांसाठी वापरायची स्निग्ध द्रव्ये. जालना जिल्ह्यात त्यांची नित्य गरज मुख्यतः जालना शहरातील राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्र. ३ ला आणि पोलीस ठाण्यांच्या शस्त्रागारांना असते. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवानाधारक, विशेषतः रानडुक्कर व रोही यांच्यापासून पीक राखणारे शेतकरी, हा दुसरा वर्ग.

जिल्ह्याचा बंदुकीशी संबंध जुना आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली, ती काळ्या दारूच्या तोफा-बंदुकांनी. ही दारू जळाल्यावर नळीत क्षार उरतात आणि ते हवेतील ओल ओढून घेतात. तेलात ते विरघळत नाहीत. म्हणून ठासणीची बंदूक आधी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेलाचा हात द्यायचा, हा क्रम आजही बदललेला नाही. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटमुळेही नळीत असाच क्षार राहतो. त्यावर नुसते तेल फिरवले तर गंज तेलाखाली वाढत राहतो.

घरातले तेल चालते, हा समज मराठवाड्यात विशेष नडतो. येथे पिकणाऱ्या करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. असे तेल हवेत हळूहळू सुकते आणि चिकट पापुद्रा धरते. करडईचे तेल तापवून, दाट करून विहिरीचे दोर आणि पाण्यात भिजणारे चामडे राखण्याची जुनी रीत याच गुणावर उभी होती. बंदुकीच्या चापाच्या कळेत मात्र तोच गुण घातक ठरतो: खटका जड होतो, स्प्रिंग अडते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे जालन्याच्या हिवाळी रात्री तेही कुचकामाचे. जवसाचे तेल तर सर्वांत लवकर सुकते. ते लाकडी दस्त्याला अवश्य लावावे, कारण लाकडात मुरून ते आत घट्ट होते आणि पाणी अडवते. पोलादाला लावू नये.

पोलादासाठी खनिज तेलच योग्य. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातील खनिज तेलापासून बनलेले ‘रंगून ऑइल’ शिकाऱ्यांत प्रसिद्ध होते. आज गंजरोधक द्रव्ये मिसळलेली पातळ शस्त्रतेले मिळतात. रॉकेल घाण सोडवते, संरक्षण करत नाही. ते पुसून वर तेल लावावेच लागते. १९५३ मध्ये सॅन डिएगो येथे तयार झालेले डब्ल्यूडी-४० ओल हटवण्यासाठी आहे. महिनोन्‌महिने ठेवायच्या बंदुकीवर एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये.

ग्रीस लावल्या जागी टिकते, म्हणून ते मोठा दाब सोसत घसरणाऱ्या पृष्ठभागांवर अगदी थोडे लावतात. एसएलआर किंवा इन्सास रायफलीच्या गॅस सिलिंडर-पिस्टनवर मात्र तेल नको: काजळी त्यात कालवून तिचा खरपुडा होतो.

प्रमाण ऋतूप्रमाणे ठरवावे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडे शिरते. तेव्हा चिंधीला बोट लावल्यावर जेमतेम ओशट वाटावे, इतकेच तेल पुरे. पावसाळ्यात थर थोडा वाढवावा. राखीव दलाची तुकडी मुंबईच्या खाऱ्या हवेत किंवा गडचिरोलीच्या दमट जंगलात बंदोबस्ताला गेली, तर जालन्यातला हिशेब तेथे लागू पडत नाही. तेथे पुलथ्रू, म्हणजे नळी पुसायची चिंधी लावलेली दोरी, रोज ओढावा लागतो.

दसऱ्याच्या शस्त्रपूजनानंतर हळद-कुंकू, ओली फुले आणि हातांचा घाम पोलादावर राहतो. पूजा मनोभावे करावी आणि त्याच दिवशी शस्त्र पुसून तेल लावावे. निवडणूक काळात ठाण्यात जमा होणाऱ्या परवान्याच्या बंदुका कित्येक आठवडे पडून राहतात. त्या देण्यापूर्वी नळीत जरा दाट गंजरोधक तेल फिरवावे आणि चामडी म्यानात ठेवू नयेत, कारण चामडे ओल धरते. परत आणल्यावर, बार काढण्यापूर्वी नळी कोरडी पुसणे अनिवार्य आहे. आत साचलेल्या तेलामुळे दाब धोकादायक वाढू शकतो. काडतुसांना तेलाचा हात लागू देऊ नये. तेल टोपीत झिरपले की काडतूस फुसके निघते.